दुसऱ्याच्या मोटरसायकलला आशीर्वाद

दुसऱ्याच्या मालकीची मोटरसायकल मी चर्चच्या पायऱ्यांशी उभी केली, फादर येऊन तिच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडून गेले, आणि मी एक शब्द बोललो नाही. जन्मभर नको तिथे बोलत आलेला माणूस नेमका तेवढ्या वेळापुरता मुका झाला.

आमच्या पापडी गावात नवी गाडी आली की आधी चर्चला नेतात. रविवारची मिस्सा संपली की गाडी पायऱ्यांशी लावायची, हँडलला वाडीतल्या फुलांचा हार घालायचा. फादर बाहेर येतात, लहानशी प्रार्थना म्हणतात, पाणी शिंपडतात. मग मालक पेढे वाटतो आणि गाव त्याच्या गाडीत खोट काढतं. पद्धत सोपी आहे. फक्त गाडी आपली असावी लागते, आणि हे कुठे लिहून लावलेलं नाही, कारण माझ्यासारखा माणूस निपजेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

तर मुळात दुसऱ्याची गाडी माझ्या बुडाखाली आली कशी, ते सांगतो.

माझी स्वतःची गाडी जुनी आहे. हल्ली जुन्या गाडीला लाडाची इंग्रजी नावं देतात आणि तिच्याशेजारी हाताची घडी घालून फोटो काढतात. तसलं काही नाही, नुसती जुनी. किक मारून चालू होते, पहिल्या किकला कधीच नाही. टाकीवर एक पोचा आहे, तो कोणत्या घाटातला यावर माझे स्वतःशीच मतभेद आहेत. आणि तिचा आवाज. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचो तेव्हा गाडी वळणाच्या पलीकडे असतानाच वर्ग गप्प व्हायचा. मुलांना माझा धाक आहे असं मी निवृत्त होईपर्यंत समजत होतो. निरोपसमारंभात एका पोराने सांगितलं, "सर, गाडीमुळे आम्हाला कॉपी लपवायला वेळ मिळायचा."

ह्या गाडीवरून मी आणि बायको दरवर्षी दिवाळीनंतर लांब जायचो. गोकर्ण झालं, हंपी झालं, एकदा कन्याकुमारी झाली, वेलंकणीच्या चर्चची यात्रा तर अनेकदा. ती मागे बसायची, मध्ये बॅग, आणि मी पुढून मान वळवून तिला सांगत जायचो. हा किल्ला कोणाचा, ही नदी कुठून येते, ह्या गावाचं नाव असं का पडलं. माहीत असेल ते सांगायचो आणि माहीत नसेल ते जास्त आत्मविश्वासाने सांगायचो. बायको होळी गावची, भाजीच्या वाडीतली. पहाटे पालेभाजीच्या जुड्या बांधत मोठी झालेली, त्यामुळे बोलण्यात वेळ घालवायची सवय नाही. आमच्या घरात अहो-जाहो फक्त पाहुण्यांना मिळतं. मला ती 'तू' म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यात सगळं आलं.

मागच्या गोव्याच्या सफरीआधी मी हेल्मेटमध्ये बसवायची बोलायची यंत्रं घेतली, एक तिला, एक मला. आता मान वळवायला नको, ओरडायला नको. मी बोललो की थेट तिच्या कानात. जाताना आणि येताना मी एवढं आणि इतकं छान बोललो की मलाच माझा हेवा वाटला. घरी पोचल्यावर तिने हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आता पुरे. मी परत मागे बसायची नाही."

"कंबर दुखतेय?"

"कंबर बरी आहे."

मी शिकलेला माणूस. बाई कंबर बरी आहे म्हणते म्हणजे कंबर चांगलीच गेलेली असणार, असा अर्थ मी काढला. तिचं यंत्र पुढे घरातच कुठेतरी हरवलं, तेही मी कंबरेच्या खात्यात टाकलं. दुखणाऱ्या माणसाचं लक्ष राहत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी एकटाच निघालो. महाबळेश्वरही गाठलं नाही. वाटेत एका वळणावर धुकं उतरत होतं, खाली दरी भरत चालली होती. मी सवयीने मान वळवली आणि बोलायला तोंड उघडलं. मागे बॅग होती. चहा प्यायलो आणि परत फिरलो. बायकोला सांगितलं, पाऊस लागला. तिने कोरड्या कपड्यांकडे बघितलं.

यंदा मला वेलंकणीला जायचं होतं, आणि तिच्याशिवाय नाही. तेव्हा ठरवलं, जुनी काढायची आणि मऊ सीटची, न हादरणारी नवी घ्यायची. बाई आपोआप मागे येऊन बसेल. एका बाईच्या मनातलं ओळखायला मी तिला न विचारता सगळ्या जगाला विचारायला निघालो.

जग म्हणजे आधी फोन. फोनमध्ये मोटरसायकलींची परीक्षणं करणारे तरुण असतात. गाडी पाहून हे जेवढे गहिवरतात तेवढे स्वतःच्या आईला पाहून गहिवरत नसावेत. एक जण एका आरशाबद्दलच इतका वेळ बोलला की मला वाटलं त्याचं त्या आरशाशी लग्न ठरलंय. मग शोरूम. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा मला म्हणाला, "अंकल, आपके एज के हिसाब से स्कूटर देखो ना." मी मराठीत म्हटलं, मला लांब जायचंय. तो मराठीत म्हणाला, "मग ट्रेन आहे ना." ह्यांना गाड्या विकायला ठेवलेत की माणसं कटवायला, कळत नाही. मग माझा मेव्हणा. तो चारचाकीवाला. दर रविवारी गाडी धुतो, फडक्याने पुसतो आणि परत झाकून ठेवतो. पाऊस आला तर भिजेल म्हणून लग्नाला रिक्षाने जातो. तो म्हणाला, "भावोजी, ह्या वयात दोन चाकांवर काय हिंडता?" मी म्हटलं, तुझी गाडी चार चाकांवर कुठे हिंडते ते आधी सांग.

शेवटी मी एका मोटरसायकलवाल्यांच्या गटात गेलो. रविवारी पहाटे जमतात. गुडघ्याला चिलखत, कोपराला चिलखत, छातीला चिलखत, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी थेट तोंडात. मला वाटलं निदान वाळवंट ओलांडणार. हायवेला जाऊन डोसा खाल्ला आणि परत आले. डोसा खाताना जो तो दुसऱ्याला लडाखबद्दल सांगत होता आणि त्यातला एकही लडाखला गेलेला नव्हता. मी खरोखर गेलेल्या ठिकाणांबद्दल सांगायला लागलो तेव्हा सगळ्यांनी हेल्मेटं चढवली.

त्यांच्यातला एक जण थांबला. स्टेशनच्या पूर्वेकडे मोठ्या इमारतीत राहणारा, मूळ साताऱ्याकडचा, मुंबईत कॉम्प्युटरवर काहीतरी करणारा. त्याला आपली गाडी विकायची होती. मोठी, उंच, लांबच्या प्रवासासाठीची, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. लडाखसाठी घेतलेली. इथून तासाभरावरच्या मनोरच्या पुढे गेलेली नव्हती. पेट्यांच्या आतलं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"काका, चिल," तो म्हणाला. "शनिवारी घेऊन जा, सोमवारी आणून दे. काकूंना फिरव. आवडली तर बोलू."

शनिवारी मी गाडी आणायला गेलो तेव्हा त्याची आई लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "सांभाळून चालवा हो. दसऱ्याला पूजा केलीय, नारळ फोडलाय, लिंबू चिरडलंय. तुम्ही फक्त सांभाळा." म्हणजे गाडीचा एका बाजूचा विमा आधीच उतरलेला होता. दुसऱ्या बाजूचा माझ्या हातून व्हायचा होता.

आमच्या घरापासून चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बायको शेजारणींबरोबर चालत पुढे गेली. मी चालत जाऊ शकत होतो. पण गावात कोणी अशी गाडी पाहिली नव्हती, आणि मला तिच्यावर बसलेलं गावाने पाहिलं नव्हतं. माणसाच्या मूर्खपणाला एवढं अंतर पुष्कळ होतं.

गाडी कुठे लावावी? कोपऱ्यात आंब्याखाली जागा होती. मी ती पायऱ्यांशी लावली, सगळ्यांना दिसेल अशी. तिथे आधीच एका कुटुंबाची नवी स्कूटर हार घालून उभी होती, आणि तिच्या शेजारी गाडी लावणं म्हणजे नवरीच्या शेजारी पांढरा सूट घालून उभं राहणं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मिस्सा संपली. मी घाईने बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो आणि किल्ली फिरवून ठेवली, हँडलमधला पडदा उजळलेला लोकांना दिसावा म्हणून. ह्या गाडीला काट्यांची घड्याळं नाहीत, पडदा आहे. त्यात हवामान दिसतं. वर बघितलं तर आकाशातही दिसतं, पण त्याला पैसे पडत नाहीत म्हणून लोकांचा त्यावर विश्वास नाही.

फादर आले, स्कूटरला आशीर्वाद दिला. मग वळले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अरे वा, सर! शेवटी बदललीत!"

ह्या क्षणी एक साधं वाक्य पुरेसं होतं. फादर, ही माझी नाही. मी रोज ह्याच्या कितीतरी पट लांब वाक्यं विनाकारण बोलतो. पण भोवती माणसं जमली होती. माझे जुने विद्यार्थी होते, आता पोटं सुटलेले. त्यांच्या नजरेत मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी होतो. स्कूटरवाल्या बाईने उरलेला हार आपल्या हाताने ह्या गाडीला घातला. फादरांनी हात वर केला. आणि मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही हो मी. नुसती मान खाली घातली, प्रार्थनेला घालतात तशी. ह्यालाच साळसूदपणा म्हणतात.

पाणी पडलं. पडद्यावर थेंब पडले तेव्हा त्याला वाटलं कोणीतरी बोट लावलं. तो भराभर पानं उलटायला लागला. सगळे म्हणाले, "वा!"

बायको वरच्या पायरीवर उभी होती. गाडी कोणाची हे तिथे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला मी आमेन म्हणून मोकळा झालो होतो. ती खाली आली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर सालं काढणार. ती हळूच म्हणाली, "झालं पाणी मारून?"

"अगं, ते फादरच..."

"बरं. मग बसते मागे. आशीर्वाद वाया कशाला घालवायचा? कळंबला समुद्रावर जाऊ."

बसते! माझ्या मूर्खपणाचं फळ एवढं गोड लागेल असं वाटलं नव्हतं. हारासकट निघालो. गिरीज, वाघोली, निर्मळ. रस्ते आमचे तेच, खड्डे तेच, पण गाडीला कळतच नव्हतं. ती हादरत नव्हती, खोकत नव्हती, आणि आवाज तर जवळजवळ नव्हताच. चालू आहे की बंद, हे पडद्यात वाचून समजायचं. माझ्या आईच्या शिवणयंत्राला जास्त दम होता. असल्या गुळमुळीत गाडीला मोटरसायकल म्हणणं म्हणजे सरबताला ताडी म्हणणं.

पण बोलायला सुख! मान वळवायला नको, घसा ताणायला नको. मी दिवाणखान्यात बसल्यासारखा बोलत होतो. सोपाऱ्याचं जुनं बंदर घेतलं, तिथून निर्मळचं तळं, तिथून पोर्तुगीज, तिथून आमच्या आडनावांचा उगम, तिथून माझी पेन्शन. आणि नवल म्हणजे मागून 'हं' ऐकू येत होतं. जुन्या गाडीवर इतक्या वर्षांत मला तिचा 'हं' कधी ऐकू आला नव्हता. मी आणखी रंगलो.

कळंबला सुरूच्या झाडांखाली मुंबईकर उतरले होते. समुद्राचा आवाज ऐकायला एवढ्या लांब यायचं आणि आल्याबरोबर स्पीकर लावायचा, हे शास्त्र मला समजलेलं नाही. आम्ही पुढे गेलो, जिथे बोंबील वाळत टाकलेले होते. बायकोने सुके बोंबील घेतले. विकणाऱ्या कोळणीने हार बघितला.

"नवी गाडी हाय ना?" तिने वर मूठभर सुकट घातली. "घ्या. पयलाच फेरा हाय."

मी पुन्हा मान खाली घातली. आता सवय झाली होती. देवाला फसवून झालं होतं, कोळणीला सोडलं असतं तर तिचा अपमान झाला असता.

बायको वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या कडेला बसली. बराच वेळ समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "गाडी चांगली आहे."

"मग!"

"सीट मऊ आहे. पाठीला टेकायला आहे." थांबली. "ही घेऊ नको."

"का?"

"जुनीच ठेव. वेलंकणीला येईन मी. जुन्या गाडीवर."

मला पुढचं काही सुचेना. माझ्या बाबतीत ही बातमीच आहे. डोळ्यांत पाणी आलं, ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं. कारण मला कारण कळलं होतं! बाई बोलत नाही, पण मनात किती जपून ठेवते. त्या गाडीवरचे घाट, त्या गाडीवरचा पाऊस, तो टाकीवरचा पोचा. नव्या मऊ सीटवर बसल्यावर तिला जुनीची किंमत कळली. परत येताना मी ह्याच विषयावर बोललो, थेट घर येईपर्यंत. जुन्या वस्तूंशी माणसाचं नातं. निष्ठा. सोबत. मागून 'हं' आला नाही. गळा दाटला असेल, मी समजलो.

सोमवारी गाडी परत द्यायला गेलो. निघताना हार काढला होता, पण एक पाकळी पेटीच्या कडीत अडकलेली राहिली. मालकाने ती बघितली. मग मला सगळं सांगावं लागलं. तो हसून हसून भिंतीला टेकला आणि आईला बोलावलं. आई हसली नाही. तिने गाडीला हात लावून नमस्कार केला आणि मुलाला म्हणाली, "आता विकायची नाही. दोन्हीकडचं झालंय तिचं. अशी गाडी कोणी घराबाहेर काढतं होय?"

"ओके काका, साइन आहे हा," तो म्हणाला. "ह्या वर्षी लडाख पक्कं." त्यानंतर तो एकदा बाहेर पडल्याचं कळलं. वरईच्या फाट्यापर्यंत. म्हणजे मनोरच्या अलीकडे.

इकडे गावात आठवडाभर माझी पळापळ चालली होती. भाजीवाली अभिनंदन करी, पाववाला अभिनंदन करी, जुने विद्यार्थी दारात येऊन, "सर, पेढे?" मेव्हणा तर गाडी बघायला आपली चारचाकी घेऊन आला. तिचा तो वर्षातला पहिला प्रवास असावा. मी आजारी असल्याचं बायकोला सांगायला लावलं. तिने त्याला सांगितलं, "आजारी नाही. लपलाय."

पुढच्या रविवारी लपायला जागा उरली नाही. जुनी गाडी काढली, बायकोला मागे घेतलं आणि मुद्दाम तिच्यावरूनच चर्चला गेलो. आम्ही आवारात शिरलो तेव्हा आत स्तोत्र चालू होतं. ऑर्गन वाजवणारीने बाहेर वळून बघितलं म्हणतात. मिस्सा संपल्यावर फादर सरळ माझ्याकडे आले. भोवती तीच मंडळी.

"सर, नवी कुठे?"

"फादर, ती... माझी नव्हती."

फादरांनी जुन्या गाडीकडे बघितलं. "मग मी पवित्र कोणाची केली?"

सांगितलं. फादरांनी कपाळाला हात लावला. स्कूटरवाली बाई म्हणाली, "माझा हार!" माझे विद्यार्थी एकमेकांना कोपरं मारायला लागले, वर्गात मारायचे तसे. मग मी छाती पुढे काढली. म्हटलं, अब्रू गेलीच आहे, निदान गोष्ट तरी चांगली सांगू.

"पण फादर," मी म्हणालो, "झालं ते बऱ्यासाठीच झालं. ती गाडी चालवली म्हणून तर ही किती मोलाची ते कळलं. मला नाही, हिला कळलं. ही बोलून दाखवत नाही, पण ह्या गाडीत तिचा जीव आहे. वेलंकणीला हिच्यावरूनच जायचं, असं तिने स्वतः सांगितलं. एवढ्या वर्षांच्या सोबतीनंतर माणसाला मऊ सीट नको असते, फादर. माणसाला..."

"फादर, तसं काही नाही," बायको म्हणाली. "त्या गाडीला आवाज नव्हता. कळंबपर्यंत ह्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. हिच्यावर काही ऐकू येत नाही, म्हणून ठेवलीय."